मिलिंगच्या स्पिंडलचा आवाज शोधता शोधता

पहिल्यांदा काही ऐकू आलं नव्हतं, जॉबवर दिसलं. टरेट मिलिंग मशीनवर एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट फेस करत, म्हणजे वरून सपाट करत होतो, कटर नेहमीचाच, इन्सर्टची नवी धार, फीड आरपीएम सगळं तेच जे कित्येक महिने चालत होतं, आणि पृष्ठभागावर नख फिरवलं तर लागतील अशा बारीक लाटा. वाटलं व्हाइस हलत असेल, मग टेबलच्या गिब घट्ट केल्या, हेडचे बोल्ट बघितले, कटर बदलून बघितला, लाटा जराशा कमी झाल्या पण गेल्या नाहीत. त्याच आठवड्यात एका पॉकेटच्या तळाला दोन पासच्या मधे पायरी आली, साधारण ०.०३ मिमीची. झेडला म्हणजे उंचीच्या सेटिंगला हात न लावता पायरी आली म्हणजे एंडमिल (कटर) स्वतःच वरखाली होतोय, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

आवाज त्यानंतर सुरू झाला. म्हणजे आधीपासून असणार पण लक्ष गेलं नव्हतं. १००० आरपीएमच्या वर गेलं की घरघर, त्यात मधेच टकटक, आणि सकाळी मशीन थंड असताना सुरुवातीची काही मिनिटं जास्तच. माझा पहिला अंदाज होता मोटार, कारण आवाज वरून येतोय असं वाटत होतं. इथे एक गोष्ट नीट सांगतो, बिडाचं हेड आवाज सगळीकडे वाहून नेतं, खालच्या बेअरिंगचा आवाज वर मोटारीपाशी ऐकू येतो आणि मोटारीचा आवाज स्पिंडलच्या (कटर धरून फिरवणारा दांडा) नाकापाशी, म्हणजे खालच्या टोकाशी. नुसत्या कानावर विश्वास ठेवून कुठलाही भाग उघडायचा नाही हे मी या सगळ्या प्रकरणात शिकलो.

ओळखीचे एक जुने फिटर काका आहेत, आयुष्यभर मशीन दुरुस्तीच केलीय. त्यांना म्हटलं काका, स्पिंडल उघडायचं म्हणतोय. त्यांनी एवढंच विचारलं, "बेल्ट काढून मोटार एकटी चालवून बघितलीस का?" नव्हती बघितली. "मग उघडायचं कशाला बोलतोस? आधी कोण बोलत नाहीये ते बघ, उरेल तो आपोआप सापडेल."

तर मग तिथून सुरुवात केली. बेल्ट काढला, मोटार एकटी चालवली. मोठ्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारच्या एंड कव्हरवर, बेअरिंग जिथे बसतं बरोबर तिथे, आणि मूठ कानामागच्या हाडाला. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळत असेल तर उत्तमच पण स्क्रूड्रायव्हरनेही काम होतं, फक्त बाही वर करून, आणि फिरणाऱ्या भागापासून लांब राहून. वरच्या बाजूला स्वच्छ गुळगुळीत सळसळ, खालच्या बाजूला कोरडी खरखर. म्हणजे मोटारचं खालचं बेअरिंग खरंच गेलं होतं, ग्रीस सुकलेलं. आणि या दोन्हीच्या मागे एक गुणगुण सतत चालू होती, ती बेअरिंगची नव्हे, विजेची. सप्लाय ५० हर्ट्झचा असेल तर मोटारची ही गुणगुण १०० हर्ट्झवर असते आणि स्विच बंद करताक्षणी ती तुटते, खरखर मात्र रोटर फिरत असेपर्यंत हळूहळू उतरत जाते. ही खूण फार सोपी आहे, स्विच बंद करा आणि पुढचे पाच सेकंद ऐका, अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात.

मोटारची दोन्ही बेअरिंग बदलली, ६२०५ होती, शिल्डवाली. बेल्ट चढवला, चालू केलं, आवाज निम्मा झाला. निम्माच.

टकटक तशीच होती. तिचा माग मी खडूने काढला. बेल्टवर एक खडूची रेघ, पुलीवर एक रेघ, सगळ्यात कमी स्पीडला लावलं आणि बघत बसलो. टक दर वेळी बेल्टची रेघ पुलीवर यायच्या वेळेला, पुलीच्या फेऱ्यांशी तिचा काही संबंध नाही. बेल्टची लांबी पुलीच्या घेरापेक्षा जास्त, त्यामुळे बेल्टचा दोष स्पिंडलच्या फेऱ्यांपेक्षा हळू गतीने येतो, हे गणित डोक्यात असेल तर मोजायलाही लागत नाही. मधे मशीन बरेच दिवस ताणलेल्या बेल्टवर बंद होतं आणि बेल्टला पुलीच्या आकाराचा बाक कायमचा बसला होता, आतल्या बाजूला चिराही पडल्या होत्या. नवा बेल्ट टाकला, टकटक गेली.

आता उरली ती रिकामं चालताना येणारी खडखड आणि खालची घरघर. खडखडीचं सांगायचं तर या प्रकारच्या हेडमधे स्पिंडलला वर स्प्लाइन म्हणजे उभे दात असतात आणि त्या पुलीच्या हबमधे सरकतात, म्हणजे क्विल (स्पिंडलला पोटात धरणारी नळी) खाली वर जाऊ शकते. त्या स्प्लाइन झिजल्या की रिकामं चालताना पुली आणि स्पिंडल एकमेकांवर आपटत राहतात. बऱ्याच जणांना हे बेअरिंगच वाटतं. फरक असा की हलका कट लावला की स्प्लाइनची खडखड थांबते कारण लोडमुळे दात एका बाजूला टेकून राहतात, आणि बेअरिंगची घरघर कट लावला की वाढते. मी ड्रॉबारपण (टूल पकडणारं कोलेट वर खेचून धरणारा लांब बोल्ट) तपासला, रिकाम्या स्पिंडलमधे ड्रॉबार सैल असेल तर तोही आतल्या आत वाजतो, म्हणून ऐकायच्या आधी कोलेटमधे एखादं टूल घट्ट बांधूनच चालवायचं. माझ्याकडे खडखड कट लावला की गायब, म्हणजे स्प्लाइन. ती मी तशीच ठेवली, जॉबला त्रास देत नाही. पण घरघर कट लावल्यावर वाढली.

इथपर्यंत चार संध्याकाळी गेल्या होत्या आणि स्पिंडलला पाना लागला नव्हता. आता त्याची पाळी.

बेल्ट काढून स्पिंडल हाताने फिरवला. हे ज्यांनी चांगला स्पिंडल कधी हाताने फिरवला नाही त्यांच्यासाठी लिहितो. चांगल्या, प्रीलोड (बेअरिंगमधे मोकळी जागा उरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला दाब) असलेल्या स्पिंडलला जरा जडपणा असतो, घट्ट तेलात फिरवल्यासारखा, जोरात ढकलून सोडला तरी थोड्याच वेळात शांतपणे थांबतो. माझा फिरत राहिला, फिरत राहिला. आधी मला वाटायचं काय मस्त फ्री आहे. फ्री असणं हे इथे चांगलं लक्षण नाही, प्रीलोड संपला म्हणून तो फ्री आहे. मग बोटांच्या टोकांनी, अगदी हळू, घड्याळाला चावी देतात तितक्या हळू फिरवला तर एका जागी बारीक कच जाणवली, पुढे गुळगुळीत, परत कच. पूर्ण तळव्याने धरून फिरवलं तर ती कळतच नाही.

यानंतर डायल, म्हणजे बारीक हालचाल सुईवर दाखवणारं मोजमापाचं साधन. यात माझी मोठी चूक झाली होती ती सांगतो कारण तीच चूक इतर लोकही करताना बघितलेत. मॅग्नेटिक स्टँड टेबलवर ठेवला, लिव्हर डायल स्पिंडलच्या नाकाला खालून लावली, लाकडाच्या पट्टीने नाक वर उचललं आणि सोडलं. ०.०६ मिमी. छातीत धस्स झालं. काका म्हणाले, "तू स्पिंडल मोजला नाहीस, अख्खं मशीन मोजलंस." खरं होतं. टेबल, नी, रॅम, हेड, क्विलची ढील, सगळं त्या आकड्यात होतं. मग क्विल लॉक केली, छोटा क्लॅम्प करून डायल क्विललाच बांधली आणि टोक स्पिंडलच्या नाकाला टेकवलं. म्हणजे आता क्विल आणि स्पिंडल यांच्यात जे हलेल तेवढंच दिसणार. आकडा आला ०.०२८. सहाच्या जागी जवळजवळ तीन, पण हे तीन खरे. ज्या जोडीला प्रीलोड आहे तिथे हाताने उचलल्यावर सुई एकदोन मायक्रॉन दबून परत जागेवर यायला हवी, २८ मायक्रॉन मोकळं हलायला जागाच नको. शिवाय सुई वर गेली की तिथेच थांबत होती, खाली दाबल्यावरच परत येत होती. दबून परत येणं म्हणजे स्प्रिंगसारखा ताण, आणि जिथे ढकललं तिथेच राहणं म्हणजे निव्वळ मोकळी जागा. पॉकेटमधली ती पायरी इथून आली होती.

आणि गंमत बघा, टेपरच्या (टूल बसतं ते निमुळतं भोक) आतला रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, फक्त ८ मायक्रॉन होता. हळू हाताने फिरवून मोजला तर मशीन ठीकठाक वाटतं. रनआउट आणि प्ले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ढिला स्पिंडल हळू फिरवताना स्वतःच्या वजनाने एका बाजूला टेकून सरळ फिरू शकतो. जुनं मशीन बघायला जाणारे पुष्कळ लोक टेपरमधे डायल लावून फक्त रनआउट बघतात आणि खूश होऊन परत येतात. नाक उचलून बघा, बाजूला ढकलून बघा, मग बोला.

एक प्रयोग मी उत्सुकतेपोटी केला. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप असतं, ते टाकलं, स्पिंडल १५०० ला लावला आणि मोबाइल क्विलजवळ धरला. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या. १३० हर्ट्झच्या आसपास एक उंच टोक दिसत होतं, ते स्पीड बदललं की त्याच प्रमाणात सरकत होतं. बेअरिंगचा अंदाजे हिशोब असा आहे, बाहेरच्या रिंगला खड्डा असेल तर सेकंदाला फेऱ्या गुणिले छर्ऱ्यांची संख्या गुणिले ०.४, आणि आतल्या रिंगला असेल तर ०.४ च्या जागी ०.६. छर्रे किती ते तेव्हा माहीत नव्हतं म्हणून आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

मग उघडलं. क्विल बाहेर काढून लाकडी व्ही ब्लॉकवर ठेवली. खालची नोज कॅप बारीक आट्यांची, बाजूला एक अगदी छोटा ग्रब स्क्रू लॉक म्हणून, तो रंगाखाली लपलेला होता, आधी रंग खरवडून तो शोधा नाहीतर कॅपचे आटे जातील. पाइप पाना लावायचा मोह झाला होता, लावला नाही. एका प्लेटमधे भोक करून, पिन बसवून पाना तयार केला, कॅपला हॉट एअर गनने जरा गरम केलं आणि सुटली.

बाहेर काय आलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ग्रीस नव्हतंच, बुटाच्या पॉलिशसारखा काळा घट्ट थर होता, बोटांवर घासला तर करकर लागत होता, बारीक लोखंडी कण. खालचं बेअरिंग रॉकेलमधे धुतलं, कपड्याने पुसलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. बाहेरच्या रिंगमधे छर्रे चालण्याचा पट्टा जो आरशासारखा चमकायला हवा तो धुरकट राखाडी झाला होता, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि त्या पट्ट्यावर ठराविक अंतराने पुसट गोल खड्डे. डोळ्याला जेमतेम दिसत होते पण टाचणीचं टोक फिरवलं की प्रत्येक खड्ड्यात टोक जरा अडायचं. खड्ड्यांमधलं अंतर बरोबर दोन छर्ऱ्यांमधल्या अंतराएवढं. छर्रे मोजले, १३. पंचवीस गुणिले तेरा गुणिले ०.४, १३०. भिंतीवरचा आकडा तोच होता. खरं सांगतो, त्या क्षणी इतका आनंद झाला की खराब बेअरिंग हातात आहे हेच विसरलो.

छर्ऱ्यांच्या अंतरावर खड्डे म्हणजे बहुधा साधी झीज नव्हे, मार. फिरत नसताना जोराचा घाव बसला की प्रत्येक छर्रा आपापल्या जागी रिंगमधे रुततो. आणि घाव कुठून येणार? आर एट टेपरचं कोलेट सोडवायचं म्हणून ड्रॉबारवर वरून हातोडी. रोज, दिवसातून दहा वेळा. त्या हातोडीचा सगळा दणका स्पिंडलमधून खालच्या बेअरिंगवर जातो. ड्रॉबार एखाद दुसरा आटा सैल करून एक हलकी टिचकी पुरते, मी मात्र घट्ट कोलेटवर मोठी हातोडी चालवत होतो, क्विल अर्धी खाली लोंबकळत असताना. दुसरं कारण एअर गन. स्पिंडलच्या नाकाखाली चिप्स साचल्या की हवा मारायची सवय, ती हवा बारीक कण आणि कूलंट थेट नोज कॅपच्या फटीतून आत ढकलते. ग्रीसमधली करकर तिथली, एका रिंगवर गंजाचा ठिपकाही होता. या दोन्ही सवयी माझ्याच होत्या, याचं वाईट वाटतं.

बेअरिंग ७२०७ मापाचं निघालं, आतून ३५, बाहेरून ७२, जाडी १७. खाली याची जोडी आणि वर एक साधं ६२०६. आता इथे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात ७२०७ मागितलं की सहसा ४० डिग्री कोनाचं पंपात वगैरे लागणारं हातात मिळतं, माप अगदी बरोबर बसतं, पण स्पिंडलसाठी ते नाही. १५ किंवा २५ डिग्री कोनाचं, पी ४ नाहीतर किमान पी ५ अचूकतेचं आणि जोडी म्हणून घासलेलं सेट हवं. जोडीच्या दोन बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर मिळून एक व्ही आकाराची खूण असते, दोन्ही नीट जुळवली की व्ही पूर्ण दिसतो. दोन सुटी साधी बेअरिंग शेजारी ठेवली म्हणून जोडी होत नाही, प्रीलोड रिंगच्या बाजू किती मायक्रॉन घासल्यात त्यावर ठरतो. आणि दोघांच्या मधले आतले बाहेरचे स्पेसर पण जोडीनेच घासलेले असतात, त्यातला एक जरी बदलला किंवा एमरी पेपरवर साफ करायला घेतला तरी प्रीलोड गेला. मी काढताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढला, मार्करने वर खाली लिहिलं, आणि ओळीने स्वच्छ कपड्यावर मांडलं.

बसवायच्या दिवशी टेबल पुसलं, पंखा बंद, त्या दिवशी ग्राइंडर चालवायचा नाही असं घरातच ठरवल्यासारखं ठरवलं. नवं बेअरिंग बसवायची वेळ येईपर्यंत पाकिटातून काढलं नाही, आणि काढल्यावर रॉकेलमधे बुडवलं नाही. बेअरिंग साधारण ८० डिग्रीला गरम करून स्पिंडलवर सरकवलं, हाताने जातं, ठोकावं लागत नाही. थंड असताना ठोकायचीच वेळ आली तर दाब फक्त आतल्या रिंगवर, बाहेरच्या रिंगवर मारलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून जातो म्हणजे जे खड्डे काढायला बसलोय तेच परत पाडायचे. ग्रीस सिरिंजने मोजून, आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण तीस टक्के. हात आखडला नाही तर जास्तच भरलं जातं, जास्त ग्रीस म्हणजे छर्रे ते ढवळत बसतात आणि बेअरिंग तापतं. आतल्या रिंगवर एक ठिपका असतो तो रिंगची सगळ्यात जाड बाजू दाखवतो, स्पिंडलच्या उंच बाजूच्या बरोबर विरुद्ध तो ठेवला की दोघांची चूक एकमेकांना खाते. स्पिंडलची उंच बाजू डायलने आधीच शोधून खूण केली होती, दहा मिनिटांचं काम पण फायदा मोठा.

लगेच पूर्ण स्पीडला लावायचं नाही हे काकांनी तीनतीनदा बजावलं होतं. सगळ्यात कमी स्पीडला वीस मिनिटं, मग एक पायरी वर, परत वीस मिनिटं, दर वेळी क्विलच्या खालच्या टोकाला हात आणि तापमान मोजायची बंदूक. तिसऱ्या पायरीला तापमान ५२ पर्यंत चढलं आणि चढतच होतं, ग्रीस अजून पसरलं नव्हतं. बंद केलं, तासभर थंड होऊ दिलं, एक पायरी खालून परत सुरू केलं, या वेळी ४१ ला स्थिर झालं. अख्खी दुपार गेली त्यात. सगळ्यात वरच्या स्पीडला अर्धा तास चालवून ४४.

डायल परत क्विलला बांधली. नाक उचललं, सुई दीड मायक्रॉन हलली आणि सोडल्यावर शून्यावर परत. टेपरमधे रनआउट ३. तीच एमएसची प्लेट, तोच कटर लावला, नख फिरवलं, काही लागलं नाही. काकांनी स्क्रूड्रायव्हर क्विलला लावला, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले वरच्या पुलीचं बेअरिंग आहे तसंच राहू दे, वर्षभर तरी जाईल, पण स्प्लाइनला ग्रीस लाव. त्याच संध्याकाळी स्प्लाइनला ग्रीस लावलं, मोठी हातोडी मशीनजवळून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली, ड्रॉबारसाठी एक छोटी पितळी हातोडी आणून हेडलाच अडकवलीय, आणि एअर गनच्या जागी नाक पुसायला ब्रश आहे. मोकळ्या स्पिंडलला उरलेली बारीक खडखड अजून ऐकू येते, कट लागला की थांबते.